ज्या पाण्याचा जीव, त्याच पाण्यात



पर्युषण जवळ आलं की मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सूचना हमखास फिरते. बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन तळ्यात सोडायचे का? वर्गणी किती काढायची? सोडणाऱ्यांची भावना चांगलीच असते. मरणाच्या दारातून एक जीव परत आणला, याहून मोठं पुण्य कोणतं, असं वाटणं साहजिक आहे.

तरीही माझं मत याच्या विरुद्ध आहे, आणि ते आज सविस्तर मांडायचं आहे. जीव वाचवणं वेगळं आणि जीव उचलून भलत्या पाण्यात टाकणं वेगळं. आपल्या आज्या-पणज्यांना हा फरक पक्का ठाऊक होता. आपण तो विसरत चाललो आहोत. हे पटवून द्यायला मी एका अशा प्राण्याची गोष्ट सांगणार आहे, ज्याचं नाव तुमच्यापैकी बहुतेकींनी ऐकलेलं नसेल.

त्याचं शास्त्रीय नाव पेक्टिनाटेला मॅग्निफिका. तो गोड्या पाण्यात राहतो. संथ तळ्यात बुडालेल्या फांदीवर, धक्क्याच्या खांबावर किंवा सोडलेल्या दोरीवर जेलीसारखा एक गोळा धरतो. आधी लिंबाएवढा, मग नारळाएवढा, आणि कधी कधी मोठ्या कलिंगडालाही मागे टाकेल एवढा. वरून तपकिरी नक्षी असते, जणू बारीक फुलांच्या चकत्या शेजारी शेजारी मांडल्या आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे कुठल्या तरी मोठ्या प्राण्याचं अंडं वाटतं, नाहीतर कारखान्यातून सोडलेली घाण वाटते.

खरं तर तो गोळा म्हणजे एक प्राणी नव्हेच. ती वसाहत आहे. जवळजवळ ९९ टक्के पाणी असलेल्या त्या जेलीच्या वरच्या थरात एक-दोन मिलिमीटरचे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात. ती जेली त्यांनी सगळ्यांनी मिळून तयार केलेली असते. प्रत्येकाला स्वतःचं तोंड, स्वतःची अन्ननलिका, आणि तोंडाभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात बारीक तंतूंचा झुपका. ते तंतू हलवून पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ तोंडाकडे ओढायचं, एवढाच त्यांचा दिवसभराचा उद्योग. खाल्लेलं आतल्या आत एकमेकांत वाटलंही जातं. तोंडं हजार आणि घर एक, असा हा संसार. या कुळाला ब्रायोझोआ म्हणतात, शब्दशः शेवाळप्राणी.

'एका शरीरात अनेक जीव' म्हटलं की आपल्याला लगेच कंदमूळ आठवतं. पण हे तसं नाही. बटाटा ही साधारण वनस्पती. इथे मात्र प्रत्येकाचं तोंड वेगळं, स्पर्शाची जाणीव वेगळी. धक्का लागला की तो इवला जीव आपले तंतू झटकन आत ओढून घेतो. म्हणजे हा त्रस जीव. तेव्हा पुढचं सगळं वाचताना 'कसली तरी घाण' असं न म्हणता, आपण जिवांबद्दल बोलतो आहोत हे लक्षात ठेवू या.

आता याची सगळ्यात विलक्षण गोष्ट. थंडी सुरू झाली की वसाहत मरते आणि पाण्यात विरून जाते. पण त्याआधी ती असंख्य बियांसारख्या चकत्या तयार करून ठेवते. त्यांना स्टॅटोब्लास्ट म्हणतात. सुमारे एक मिलिमीटरची गोल चकती, साधारण मोहरीच्या दाण्याएवढी. कडेला हवा भरलेली, म्हणून ती पाण्यावर तरंगते, आणि कडेनेच बारीक आकड्यांची रांग. ते आकडे बदकाच्या पिसात अडकतात, कोळ्याच्या जाळ्यात अडकतात, नावेच्या दोरीत आणि पाणवनस्पतींच्या मुळांतही अडकतात. पाणी पुन्हा कोमट झालं की चकती उघडते, आणि अशा एकाच चकतीतून अख्खी नवी वसाहत उभी राहू शकते.

या प्राण्याचं मूळ घर उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात. फिलाडेल्फियाचे शास्त्रज्ञ जोसेफ लेडी यांनी १८५१ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. आपल्यातल्या कितीतरी जणींची मुलं-सुना तिकडे न्यू जर्सीत, पेनसिल्व्हेनियात राहतात. तिथल्या एखाद्या तळ्याकाठी नातवंडांना असा गोळा दिसला, तर घाबरायचं कारण नाही. तो तिथला रहिवासी आहे. त्या तळ्यांच्या जमाखर्चात तो पहिल्यापासून धरलेला आहे.

पण तो तिथेच थांबला नाही. १८८३ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गजवळ बिले नदीत तो सापडला. हॅम्बुर्ग म्हणजे मोठं बंदर, साऱ्या जगाची जहाजं तिथे लागायची. पुढे तो मध्य युरोपात पसरला. झेक देशाच्या दक्षिणेकडच्या जुन्या मत्स्यतलावांच्या प्रदेशात, फ्रान्समध्ये, नेदरलँड्समध्ये, रोमानियात त्याच्या नोंदी झाल्या. जपानमध्ये फुजी पर्वताजवळच्या कावागुची सरोवरात तो १९७२ मध्ये मिळाला. जपानी लोकांनी त्याला नाव दिलं त्याचा अर्थ साधारण 'मोठा चेंडू शेवाळकिडा' असा होतो.

सगळ्यात जास्त गवगवा झाला तो दक्षिण कोरियात. तिथल्या जलाशयांत तो १९९० च्या दशकापासून होता. पण २०१४ च्या उन्हाळ्यात गेउम आणि इतर मोठ्या नद्यांत त्याचे गोळेच्या गोळे दिसू लागले आणि वर्तमानपत्रं फोटोंनी भरून गेली. काही वर्षं आधीच सरकारने देशातल्या ४ मोठ्या नद्यांवर १६ बंधारे बांधले होते. पर्यावरणवादी म्हणाले, बंधाऱ्यांनी वाहती नदी तळ्यासारखी साचवली, म्हणून हा प्राणी माजला. सरकारी बाजूचं म्हणणं, तो तर आधीपासूनच होता. माणसं वाद घालत होती आणि तो बिचारा काठावर ओढून काढला जात होता, उन्हात सुकत होता.

मला इथे दोन्हीकडचा न्याय करावासा वाटतो. हा प्राणी राक्षस नाही. तो चावत नाही, माणसाला विषारी म्हणून त्याची ख्याती नाही, उलट पाणी गाळूनच तो जगतो. पण परक्या ठिकाणी तो माजतो तेव्हा शेतीच्या आणि वीजकेंद्राच्या पाण्याच्या नळांच्या जाळ्या बुजवतो, कोळ्यांची जाळी जड करतो. आणि एकाच वेळी मोठ्या प्रमाणावर मरून सडला की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, अमोनिया वाढतो. त्याची झळ त्याच पाण्यातल्या मासळीला आणि इतर जिवांना लागते. म्हणजे एका जिवाला भलत्या घरी नेऊन ठेवलं, तर त्या घरचे आणि तो, दोघेही भोगतात.

हे सगळं परदेशातलं, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर मुंबईची गोष्ट ऐका. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हेन्री जॉन कार्टर नावाचे एक डॉक्टर होते. तळ्यातले बारीक जीव भिंगाखाली निरखणं हा त्यांचा ध्यास. त्यांनी मुंबईच्या गोड्या पाण्यात पाहिलेल्या याच कुळातल्या एका प्राण्याला पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ अल्फियस हायट यांनी कार्टर यांचंच नाव दिलं. आज तो लोफोपोडेला कार्टेरी म्हणून ओळखला जातो. म्हणजे हा आपल्याकडचा.

तोही घर सोडून गेला. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ईरी सरोवरात तो मिळाला. आशियातून नेलेल्या शोभेच्या पाणवनस्पतींबरोबर गेला असावा, असं मानतात. त्याच्या वसाहती छोट्या असतात, पण दुखावल्या गेल्या की त्यांच्या अंगातून निघणारा द्रव माशांच्या कल्ल्यांना घातक ठरतो, हे तिथल्या प्रयोगांत दिसलं. मेरी रोजिक या बाईंनी त्याच्या कोरड्या स्टॅटोब्लास्टवर बरीच वर्षं काम केलं. काही वर्षं कोरडे ठेवलेले स्टॅटोब्लास्टही पाण्यात टाकल्यावर उमलले. विचार करा, बरणीत पडून राहिलेला दाणा, आणि पाणी मिळताच जिवंत!

तेव्हा कोण परका आणि कोण आपला, हा प्रश्नच नाही. अमेरिकेतला इतर देशांत जाऊन उपद्रवी ठरला, मुंबईतला अमेरिकेत जाऊन. दोष जिवाचा नाही. तो ज्या पाण्याचा होता त्यातून त्याला हलवलं गेलं, तिथे गोष्ट बिघडली.

आणि इथेच मला आपली जिवाणी आठवते.

तरुण मुलींसाठी सांगते. पूर्वी बाई विहिरीवर पाणी भरायला जायची, तेव्हा घागरीच्या तोंडावर जाड दुहेरी कापड धरून पाणी गाळायची. हे आजही बऱ्याच घरांत पाळतात, आणि गाळलेल्या पाण्याची ४८ मिनिटांची मर्यादाही पाळतात. पण काम तिथे संपायचं नाही. गाळणं उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायचं, कापडात राहिलेले जीव एका भांड्यात घ्यायचे, आणि ते पाणी परत विहिरीत सोडायचं. ती जिवाणी. तीही वरून फेकायची नाही. त्यासाठी तळाला कडी असलेली खास बादली असायची. ती पाण्यापर्यंत अलगद उतरवायची आणि पाण्याला टेकल्यावर उलटी करायची, म्हणजे उंचावरून आपटून जीव मरू नयेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम हा की, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत जिवाणी. या विहिरीची त्या विहिरीत नाही, नदीची तळ्यात नाही. एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात तगत नाही, आणि तिथल्या जिवांनाही त्याची बाधा होते, हे त्यामागचं साधं कारण.

आज जगभर सरोवरांच्या काठी पाट्या लावलेल्या असतात. नाव आणि जाळी स्वच्छ करा, पाणी निथळू द्या, कोरडं करा, मगच दुसऱ्या तळ्यावर जा. शास्त्रज्ञांना हे सांगायला फार मोठं नुकसान व्हावं लागलं. आपल्याकडे विहिरीवरची बाई हेच रोज करत होती, तेही सूक्ष्मदर्शक न पाहता. एक मिलिमीटरची ती चकती आपल्या दुहेरी कापडात नक्की अडकली असती, आणि आपल्या नियमाने ती जिथली तिथेच परत गेली असती.

नळ आले आणि जिवाणी घालायला विहीरच राहिली नाही. गाळणं उरलं, जिवाणी गेली. त्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण जिवाणीमागचा विचारही गेला, हे मला खटकतं. कारण तो विचार आज पूर्वीपेक्षा जास्त गरजेचा आहे.

आता परत त्या मासे सोडण्याकडे येते. मी कॉमर्सची, मला प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू पाहायची सवय. आपण दहा किलो जिवंत मासे विकत घेतो. आपल्या वहीत ती 'जीवदया' असते. विक्रेत्याच्या वहीत मात्र तिची नोंद 'विक्री' अशीच होते. गिऱ्हाईक वाढलं, तर पुढच्या खेपेला तो माल जास्त आणणार. म्हणजे सोडण्यासाठी पकडणं सुरू झालं. ही जमेची बाजू म्हणायची की खर्चाची?

दुसरी बाजू तळ्याची. बाजारातला मासा कुठल्या पाण्यातला, हे आपल्याला कळत नाही. समुद्राचा किंवा खाडीचा मासा गोड्या पाण्यात तडफडून मरतो. सरकारने बंदी घातलेला आफ्रिकन मांगूर चुकून सोडला, तर तो तळ्यातले लहान मासे, बेडूक, किडे सगळं फस्त करतो. आपण वाचवले दहा, आणि आपल्या नावावर हिंसा किती जिवांची लागली, याचा हिशेब कोण करणार? आणि त्या माशांबरोबर पिशवीतलं पाणीही तळ्यात जातं. त्या पाण्यात काय काय आहे, हे डोळ्यांना दिसत नाही.

शहरातल्या कासवांचंही तेच. दुकानात मिळणारी, कानामागे लाल पट्टा असलेली इवली हिरवी कासवं मूळची दक्षिण अमेरिकी संस्थानांतली, मिसिसिपीच्या खोऱ्यातली. नातवाच्या हट्टापायी घरी येतात, ताटाएवढी होतात, मग 'मोकळं केलं' म्हणून तलावात सोडली जातात. फिश टँक नकोसा झाला की मासे, वनस्पती, खडे, सगळं तळ्यात. आणि परक्या पाहुण्याने तळं कसं गिळतं हे पाहायला आपल्याला कोरियाला जायला नको. पंचगंगेवर किंवा इंद्रायणीवर जाऊन जलपर्णी पाहा. जांभळ्या फुलाच्या देखणेपणापायी दक्षिण अमेरिकेतून आणलेली ती वनस्पती आज नदीचा श्वास कोंडते आहे.

यावर मला तीन प्रश्न हमखास विचारले जातात.

पहिला, पक्षीही बिया आणि अंडी इकडून तिकडे नेतातच, मग आपणच का थांबायचं? खरं आहे, बदकाच्या पिसातून स्टॅटोब्लास्ट जातातच. पण बदकाने अणुव्रत घेतलेलं नाही, आपण घेतलं आहे. आणि बदक शेजारच्या तळ्यावर जातं. अमेरिकेचं तळं जपानला जोडणं, हे माणसाच्या व्यापारानेच जमतं.

दुसरा, मग पसरलेल्या अशा जिवांना मारायचं का? हा अवघड प्रश्न आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर मी देणार नाही. आपल्या शास्त्राने हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची, बाकीच्या जमेल तितक्या कमी करायच्या. पाणीपुरवठ्याची बुजलेली जाळी साफ करणं हे आरंभी-उद्योगीत मोडतं. गावाला पाणी तर द्यावंच लागेल. पण चवीने, रागाने किंवा किळस म्हणून काठावर ओढून टाकणं वेगळं. आणि तो का माजला हे पाहायला हवंच. वाहतं पाणी अडवून आणि त्यात सांडपाणी सोडून आपणच त्याला ताट वाढलं असेल, तर आधी ते ताट उचलावं. मुळात नेणं टाळलं असतं, तर हा मारण्याचा प्रश्नच उभा राहिला नसता. म्हणून मी म्हणते, अहिंसेची खरी जागा पहिल्या पायरीवर आहे. शेवटच्या पायरीवर आपल्याकडे फक्त कमी वाईट पर्याय उरतात.

तिसरा प्रश्न, मग तो बाजारातला मासा डोळ्यांदेखत मरू द्यायचा? मन पिळवटतं, मान्य आहे. पण आपण त्या गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं राहिल्याने ती रांग लांबच होते. तीच वर्गणी पांजरपोळाला द्या, उन्हाळ्यात गुरांच्या पाण्याच्या हौदाला द्या, गावच्या तळ्यातला गाळ आणि प्लॅस्टिक काढायला द्या. तळं स्वच्छ झालं तर त्यातले जे मूळचे जीव आहेत, ते सगळेच्या सगळे वाचतात. त्यांना विकत घ्यावं लागत नाही.

घरात काय करता येईल, तेही सांगते.

फिश टँक, कासव, शोभेचे जलचर घरी आणूच नका. कैदेत ठेवणं हे तसंही आपल्या विचारात बसत नाही. आधीच असतील तर ते ज्याच्याकडे नीट ठेवण्याची सोय आहे त्याला द्या, दुकानदाराला परत द्या, किंवा प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला विचारा. तळ्यात मात्र सोडू नका. टँकचं पाणी कुंडीत किंवा बागेच्या मातीत ओता. त्यात सूक्ष्म जीव मरतात, हे मला कळतं. पण तळ्यात ओतलं तर किती जिवांना धोका, हे तोलून पाहिलं की कमी हिंसा कुठे आहे ते दिसतं. आणि ती जी थोडी झाली, तिचं प्रतिक्रमण करा.

गच्चीवर कमळाचा टब असेल तर नर्सरीतून आणलेलं रोप आधी नीट धुऊन घ्या, आणि जास्त झालेली रोपं ओढ्या-नाल्यात टाकू नका. मुलांकडे परदेशी जाल आणि कुठे सरोवरावर नावेत बसाल, तर तिथली पाटी वाचा आणि बूट-दोरी धुऊन, वाळवून मगच पुढच्या तळ्यावर जा. ते परक्या देशाचे नियम म्हणून नका पाळू. ती आपली जिवाणीच आहे, वेगळ्या भाषेत लिहिलेली.

आणि ज्यांच्या गावी अजून विहीर आहे, वापरात आहे, त्यांनी नातीला एकदा तरी जिवाणी घालून दाखवा. कडीची बादली माळ्यावर असेल, शोधा. का घालायची हे विचारलं तर तिला या जेलीच्या गोळ्याची गोष्ट सांगा. आजकालच्या मुलींना कारण सांगितलं की त्या पाळतात, आपल्यासारखं नुसतं 'असंच असतं' म्हणून भागत नाही.

यंदाच्या पर्वात मंडळात मासे सोडण्याचा विषय निघाला, तर माझं मत तुम्हाला माहीत आहे. तुमचं वेगळं असेल तर जरूर लिहा, चर्चा करू. पण वर्गणी काढण्याआधी एकदा तरी विचारा, हा जीव कोणत्या पाण्याचा? उत्तर माहीत नसेल, तर हात आवरलेलाच बरा.